चीनला न गेलेला चिनी पंडित

काशीला न जाता गंगेच्या घाटांचे वर्णन करणाऱ्या पुराणिकबुवांना आपण मनातल्या मनात हसतो. पण ज्याने जन्मभर चीनवर लिहिले, चिनी कविता इंग्रजी वाचकाच्या घरात नेऊन पोचवली आणि ज्याचा पाय चीनच्या भूमीला एकदाही लागला नाही, अशा एका माणसाला हसण्याचे धाडस माझ्याने होत नाही. त्याचे नाव आर्थर वेली.

वेलीचा जन्म १८८९ साली इंग्लंडात झाला. मूळचे आडनाव श्लॉस. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन वळणाचे आडनाव लावणे तिकडे अवघड झाले, म्हणून कुटुंबाने वेली हे नाव घेतले. त्याआधी केंब्रिजमध्ये शिकत असतानाच या तरुणाच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. अशा माणसाने पुढे उद्योग कोणता पत्करावा? तर बारीक रेषांनी गजबजलेली चिनी अक्षरे वाचण्याचा!

त्याचेही कारण नोकरी. १९१३ साली तो ब्रिटिश म्युझियममध्ये लागला. तिथे चिनी आणि जपानी चित्रांची यादी करायची होती. चित्राच्या कडेला कविता असायची, चित्रकाराचा शिक्का असायचा. ते वाचता आल्याशिवाय यादी कशी होणार? पौर्वात्य भाषांचे विद्यालय लंडनमध्ये तोवर उघडले नव्हते. तेव्हा वेलीने कोश पुढे ओढले आणि दोन्ही भाषा आपल्या आपणच शिकून घेतल्या. नोकरीने माणसाचा रस आटतो, अशी आपली नेहमीची तक्रार असते. इथे यादीच्या कामातूनच रसाचा झरा फुटला.

१९१६ साली त्याने काही चिनी कवितांची भाषांतरे पदरमोड करून छापली. प्रती सुमारे ५०. त्या स्नेह्यासोबत्यांत वाटल्या. दोनच वर्षांनी, १९१८ साली, १७० चिनी कवितांचे पुस्तक निघाले आणि वेलीचे नाव झाले. त्याची पद्धत साधी होती. चिनी ओळीत पाच अक्षरे असली, तर इंग्रजी ओळीत पाच आघात यावेत. यमकाचा हट्ट त्याने सोडला, कारण यमकासाठी कवीच्या तोंडी नसते शब्द घालावे लागतात. मराठीत वृत्त जुळवण्यासाठी 'च' आणि 'हि' पेरणाऱ्यांना हे दुखणे ठाऊक आहे!

त्याचा आवडता कवी आठव्या-नवव्या शतकातला पो चू-ई. हा कवी आपली कविता एका म्हातारीला वाचून दाखवी आणि तिला न कळलेले शब्द बदलून टाकी, अशी आख्यायिका आहे. वेलीने १९४९ साली या कवीचे चरित्र लिहिले. मला वाटते, वेलीच्याही मनात अशी एक म्हातारी बसलेली असावी. पंडितांना धाक वाटावा म्हणून त्याने लिहिले नाही.

आता आपल्याशी नाते सांगतो. सोळाव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीत एक खट्याळ वानर आहे. भारतात धर्मग्रंथ आणायला निघालेल्या भिक्षूची तो सोबत करतो. १०० प्रकरणांतली ३० निवडून वेलीने १९४२ साली तिचा इंग्रजी अवतार काढला. हा वानर आपल्या मारुतीचा कोणी लागतो का, यावर विद्वानांचे वाद आहेत. ते वाद त्यांच्याकडेच राहू द्या. पण तो भिक्षू मात्र खरा. शाळेच्या इतिहासात भेटलेला ह्युएन त्संग तोच. पुलकेशीच्या राज्यात येऊन 'उपकार न विसरणारे आणि अपमान न सोसणारे' असे आपल्या पूर्वजांचे वर्णन करून गेलेला. त्या खऱ्या यात्रेकरूची कथा वेलीने १९५२ च्या एका पुस्तकात सांगितली.

दुसरे नाते इतके गोड नाही. १९५८ साली वेलीने अफूच्या युद्धावर पुस्तक लिहिले, तेही चिनी बाजूने. त्यासाठी त्याने लिन त्से-शू या अधिकाऱ्याची रोजनिशी वाचली. १८३९ साली कँटनजवळ इंग्रज व्यापाऱ्यांच्या २०,००० हून अधिक अफूच्या पेट्या नष्ट करणारा तो हाच. रोजनिशीत भेटीगाठी आहेत, हवापाणी आहे, म्हणजे तुमच्याआमच्यासारखा संसारी माणूस आहे. ज्या राष्ट्राने तोफा डागून त्या देशावर युद्ध लादले आणि १८४२ साली हाँगकाँग घेतले, त्याच राष्ट्राचा एक नागरिक शत्रूची रोजनिशी उघडून आपल्या लोकांना म्हणतो, "हा माणूस पाहा."

आणि ती अफू कुठली? काही बंगालची, काही माळव्याची. आणि माळव्याची पुष्कळशी अफू आमच्या मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती. त्या व्यापारातल्या पैशाने या शहरात काय काय उभे राहिले, याचा विचार मनात आला की गोदीवरून जाताना माझी मान जरा खाली जाते. इतिहासात आपण नुसतेच गाऱ्हाणे घालणारे नव्हतो. काही पेट्यांवर आपलाही हात होता.

१९६६ साली वेली वारला. चीन आपला शेजारी. १९६२ साली त्याच्याशी युद्धही झाले. तरी त्या शेजाऱ्याच्या घरात कोणत्या कविता म्हणतात, हे माझ्यासारख्याला कळले ते लंडनमध्ये बसलेल्या, एका डोळ्याने वाचणाऱ्या गृहस्थाकडून. त्याचे ऋण मी मानतो. पण दर वेळी इंग्रजीच्या खिडकीतूनच डोकावायचे, हे काही बरे नाही. शेजाऱ्याशी भांडण असले तरी, किंबहुना भांडण असले म्हणूनच, त्याची भाषा कुणाला तरी यायला हवी.

दिवाळीच्या सुटीत घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी चिनी अक्षरे गिरवताना दिसली, तर "याचा उपयोग काय?" असे एकदम विचारू नका. फराळाची बशी शेजारी ठेवा आणि गिरवू द्या.