गुंतवणूकदाराच्या मालकीचा प्रयोग

भांडवलबाजारात अफाट नफा कमावणाऱ्याचा उदोउदो होतो. दुसऱ्याचा खर्च वाचविणारा सहसा विस्मृतीतच जातो. १६ जानेवारी २०१९ रोजी निवर्तलेले अमेरिकेतील जॉन बोगल हे या नियमाला ठळक अपवाद होत.

१९२९ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेल्या बोगल यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात म्युच्युअल फंडांवर प्रबंध लिहिला आणि १९५१ मध्ये ते वेलिंग्टन संस्थेत रुजू झाले. तेथे ते प्रमुखपदी पोहोचले; परंतु आक्रमक गुंतवणुकीचे पुरस्कर्ते असलेल्या बॉस्टनच्या कंपनीशी त्यांनी घडवून आणलेले विलीनीकरण बाजाराच्या पडझडीत अंगलट आले आणि १९७४ मध्ये त्यांना पद गमवावे लागले.

त्याच वर्षी त्यांनी 'व्हॅनगार्ड'ची स्थापना केली. तिची मालकी फंडांकडे, आणि फंडांची मालकी गुंतवणूकदारांकडे! त्रयस्थ भागधारकांना द्यावयाचा नफाच उरला नाही. १९७६ मध्ये सर्वसामान्यांसाठी पहिला निर्देशांक फंड निघाला. अपेक्षा १५ कोटी डॉलरची होती. जमले १ कोटी १३ लाख. 'बोगलचा वेडेपणा' अशी त्याची टवाळी झाली.

वस्तुतः त्यामागील विचार साध्या अंकगणिताचा होता. सर्व गुंतवणूकदार मिळूनच बाजार बनतो. तेव्हा त्या सर्वांच्या पदरात सरासरीने पडणार ते बाजाराचे उत्पन्न वजा खर्च एवढेच. एक लाख रुपये द.सा.द.शे. ८ टक्के चक्रवाढीने ३० वर्षांत सुमारे १० लाख होतात. त्यातील २ टक्के दरवर्षी व्यवस्थापनावर गेले, तर हाती येतात जेमतेम पावणेसहा लाख. जोखीम सर्वस्वी बचत करणाऱ्याची आणि फळाचा एवढा मोठा वाटा मध्यस्थांचा, हा कोठला न्याय?

तथापि, या यशाने नवा प्रश्न उभा केला आहे. निर्देशांक फंडांचा व्यवसाय मूठभर संस्थांच्या हाती एकवटत गेल्यास मोठमोठ्या कंपन्यांतील मताधिकारही त्यांच्याच हाती जाईल, असा इशारा खुद्द बोगल यांनीच २०१८ च्या अखेरीस दिला होता. गुंतवणूकदाराचा खर्च त्यांनी कमी करून दाखविला. त्याच्या पैशातून येणारी सत्ता त्याला उत्तरदायी कशी ठेवावयाची, हे मात्र कायदेकर्त्यांनाच ठरवावे लागेल.