जुन्या प्रोसेसरची नोंद बिनकामाची नाही



जुन्या प्रोसेसरच्या इंटरनेटवरील नोंदी दुरुस्त करणे म्हणजे वेळेचा अपव्यय, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच मान्य नाही. भोसरी एमआयडीसीत मी मशिनचे जुने कंट्रोल दुरुस्त करतो. '४८६' प्रोसेसरवर चालणारी मशिने आमच्याकडे आजही येतात.

इंटेलचा १९९४ चा 'डीएक्स४-१००' घ्या. नावातल्या ४ मुळे गुणक ४ वाटतो. प्रत्यक्षात तो ३ आहे. बसच्या ३३.३ च्या तिप्पट, म्हणून जवळपास १०० मेगाहर्ट्‌झ. त्याहून घातक चूक व्होल्टेजची. ही चिप ३.३ व्होल्टची, आधीची 'डीएक्स२-६६' ५ व्होल्टची. पिना दोन्हींना १६८, त्यामुळे सॉकेटमध्ये ती निमूट बसते. एका नोंदीत ५ वाचून मी जंपर तसाच ठेवला. मिनिटभरात हीटसिंकला बोट लावता येईना. चिप गेली, आणि गिऱ्हाइकाचे मशिन अकरा दिवस बंद राहिले.

तेव्हापासून वाळलेली पेस्ट पुसून चिपवरची अक्षरे भिंगाने वाचतो, कंपनीच्या डेटाशीटशी ताडतो आणि नोंदीची दुरुस्ती फोटोसह पाठवतो. त्या नोंदीत आता ३.३ आहे.

— एक वाचक, भोसरी