विधेयकाचे टप्पे लिहा (गुण 4)



बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. गुडघे आणि इंटरनेट, दोघांनी एकदमच असहकार पुकारला होता. असो.

गेल्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. इथंच शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला आहे, म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगचे कंगोरे घासून काढायचं काम. सात वर्षं झाली, पण सगळी कॉन्ट्रॅक्टरकडून. चहा होईपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, "बाई, ते चार नवीन कायदे आल्यात म्हणत्यात. एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळतीया म्हणं. आमास्नी मिळंल काय?"

ग्रॅच्युइटी हा शब्द आमच्या घरात साधा नाही. आमचे हे सुद्धा फौंड्रीतच होते. 1972 च्या कायद्याप्रमाणे दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, या हिशेबानं निवृत्तीच्या वेळी जे हातात आलं त्यातून घरावरची खोली उठली. त्याच खोलीत बसून मी हे टाइप करते आहे. त्यामुळं पोराला "बघू हं" म्हणून वाटेला लावणं जमेना. चष्मा पुसला आणि वाचायला बसले.

पहिलीच गोष्ट कळली ती ही, की कायदे नवीन नाहीतच. लागू झाले 21 नोव्हेंबर 2025 ला, पण संसदेत मंजूर झाले ते वेतनाचा 2019 मध्ये आणि बाकीचे तीन सप्टेंबर 2020 मध्ये. म्हणजे ज्या लोकसभेनं ते केले ती विसर्जित होऊन, निवडणूक होऊन, दुसरी लोकसभा बसल्यावर ते कामगाराच्या दारात आले. कायद्याच्या पहिल्याच कलमात एक ओळ असते: केंद्र सरकार अधिसूचनेनं ठरवील त्या दिवशी हा अंमलात येईल. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची संमती... की झाला कायदा! पाच टप्पे, चार गुण. ही ओळ मी एकदाही फळ्यावर लिहिली नाही.

आता तारखा बघा. कोरोनाचे दिवस. 14 सप्टेंबर 2020 ला अधिवेशन सुरू झालं, प्रश्नोत्तराचा तास रद्द. 19 तारखेला तीनही विधेयकं लोकसभेत मांडली. 22 ला तीनही मंजूर. 23 ला राज्यसभेत तीनही मंजूर, तेही आवाजी मतदानानं, आणि बहुतेक विरोधी पक्ष बहिष्कार घालून बाहेर. आठ सदस्यांच्या निलंबनावरून ते भांडण चाललं होतं. 29 जुन्या कायद्यांचं मिळून जे चार संहितांमध्ये बांधलं, त्यातल्या तीन संहितांचा निकाल पाच दिवसांत लागला. आमच्याकडं लग्नाची याद करायला याहून जास्त वेळ लागतो.

तरी एकतर्फी लिहायचं नाही, नाहीतर पुण्याचे भाऊजी लगेच फोन करतात :) या विधेयकांचा पहिला मसुदा 2019 मध्येच आला होता आणि तो संसदेच्या स्थायी समितीकडं गेला होता. समितीत 31 खासदार असतात, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. तिथं कॅमेरा नसतो, म्हणून भाषणं कमी आणि कलमं जास्त. कामगार संघटना, मालक, खात्याचे अधिकारी यांना बोलावून विचारतात. आणि समिती म्हणजे गरिबाची कैवारीच असते असंही नाही. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची अट पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होती, ती तीनशेवर न्यावी हे समितीनंच सुचवलं होतं.

पण माझं म्हणणं असं, की समितीनंतर बदलून आलेलं विधेयक पुन्हा सभागृहात नीट वाचलं जायला हवं होतं. दुसरं वाचन म्हणजे कलमवार चर्चा. शब्द बदलायचा, दुरुस्ती सुचवायची, ती फेटाळली तर का फेटाळली हे नोंदवून घ्यायचं, हे सगळं तिथं. अर्धे बाक रिकामे असताना ते होत नाही. बाक रिकामे ठेवणाऱ्यांनाही माझे गुण कमीच. शिरोलीच्या फेटलिंगवाल्याची बाजू मांडायला पाठवलेल्यानं त्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहायचं नसतं.

समितीनं काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी 1965 साली रोजगार हमीचा प्रयोग केला. त्यातून 1977 चा महाराष्ट्राचा कायदा झाला. पुढं दिल्लीनं ती कल्पना उचलली, पण 2004 च्या विधेयकात काम मिळणार होतं फक्त दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना. विधेयक स्थायी समितीकडं गेलं, बाहेर ओरड झाली, आणि 2005 मध्ये कायदा झाला तो ग्रामीण भागातल्या कुठल्याही कुटुंबासाठी. (2025 च्या डिसेंबरात त्या जागी दुसरा कायदा आला, तो वेगळा विषय.) 2009 ते 2014 च्या लोकसभेत शंभरातली 71 विधेयकं समितीकडं गेली होती, 2019 ते 2024 च्या लोकसभेत 16. हा पीआरएस या अभ्याससंस्थेचा हिशेब आहे. पक्ष कुठला का असेना, हा आकडा बघून मला परीक्षेचा पेपर न तपासता गुण भरणारा मास्तर आठवतो.

अजून एक. या संहितांमध्ये पानोपानी "विहित करण्यात येईल त्याप्रमाणे" असं येतं. म्हणजे बारीकसारीक सगळं नियमांत, आणि नियम संसद करत नाही, सरकार करतं. आमच्या फौंड्र्यांसाठी ते राज्य सरकार. मसुदा राजपत्रात छापून ठरावीक मुदतीत हरकती मागवतात. राजपत्र कोण वाचतं? मी तरी आत्तापर्यंत कधी उघडलं नव्हतं.

मग त्या पोराचं काय? एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे ती "निश्चित मुदतीच्या" कामगाराला, म्हणजे ज्याच्याशी कारखान्यानं थेट लेखी करार केलाय त्याला. कॉन्ट्रॅक्टरकडच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला पाच वर्षांची जुनी अट, आणि ती पाच वर्षं एकाच कॉन्ट्रॅक्टरकडं सलग झाली हे दाखवावं लागतं. याचा कॉन्ट्रॅक्टर सात वर्षांत तीनदा बदलला आहे. कागदावर तीनदा, हजेरीवर तोच मुकादम.

हे सांगितल्यावर तो थोडा वेळ खिडकीतून हायवेकडं बघत बसला. मग विचारलं, "बाई, हे मंजूर झालं तवा कोण काय बोललंच न्हाई व्हय?" मी काय सांगणार?

नेमणुकीचं पत्र देणं मात्र आता मालकावर बंधनकारक आहे. ते मागणारा अर्ज दोघांनी मिळून लिहिला. सात वर्षांच्या पगाराच्या जेवढ्या चिठ्ठ्या आणि पीएफच्या जेवढ्या नोंदी सापडतील तेवढ्या घेऊन तो येत्या रविवारी परत येणार आहे. तुमच्यापैकी कुणी कामगार कायद्याचं काम केलं असेल तर त्याच्या आत प्रतिक्रियेत लिहा, मला उपयोग होईल.