समान वाटा, पण कशातला?



शिबिरात, गटाच्या बैठकीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘बाईच्या हाती सत्ता आली की बाईचे दिवस पालटतील.’ दुसरे, ‘बाईच्या नावावर मालमत्ता झाली की ती मोकळी होईल.’ दोन्हींत तथ्य आहे. म्हणून तर आपण पंचायतीतल्या राखीव जागांसाठी भांडलो आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून तलाठ्याकडे खेटे घातले. पण एवढे पुरेसे आहे का? अठराव्या शतकातल्या रशियात या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या होत्या. त्यातून कोणत्या बाईचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी सत्तेचे पाहू. १७२५ ते १७९६ या काळात रशियाच्या गादीवर चार बायका बसल्या. मधली चार-पाच वर्षे सोडली, तर सारा काळ त्यांचाच. त्यातली शेवटची, कॅथरीन दुसरी, चौतीस वर्षे राज्य करत होती.

आता मालमत्तेचे. १७५३ साली असे ठरले की, विवाहित स्त्री आपली मालमत्ता नवऱ्याच्या संमतीशिवाय विकू शकेल. त्या वेळी इंग्लंडात लग्न होताच बाईची चीजवस्तू नवऱ्याची होत असे आणि तिची जमीनही त्याच्या ताब्यात जात असे. तिथल्या विवाहित स्त्रियांना आपल्या मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळायला १८८२ साल उजाडावे लागले. म्हणजे या बाबतीत रशियन उमराव घराण्यांतल्या स्त्रिया सव्वाशे वर्षे पुढे होत्या. अर्थात वारशात समानता नव्हतीच. भाऊ असतील तर वडिलांच्या जमिनीत मुलीला चौदावा हिस्सा मिळे. आणि १७५३ च्या निर्णयामागे स्त्रियांच्या मुक्तीचा विचारही नव्हता. लेकीबरोबर दिलेली जहागीर उधळ्या जावयाच्या हाती जाऊ नये, ही घराण्यांची काळजी त्यात मोठी होती. तरीही हक्क मिळाला, आणि स्त्रियांनी तो वापरला. त्यांनी जहागिऱ्या विकत घेतल्या, विकल्या, त्यांचा कारभार पाहिला, कोर्टकचेऱ्या केल्या.

पण ही मालमत्ता कसली होती? जमीन होतीच, पण जहागिरीची किंमत एकरांत मोजत नसत. ती मोजत ‘जिवांत’. जीव म्हणजे भूदास. जमिनीला बांधलेली, मालकाच्या मर्जीने विकली जाणारी माणसे. शंभर जिवांची जहागीर, हजार जिवांची जहागीर, अशी भाषा होती. त्यातही गणती फक्त पुरुषांची. सरकारी डोईपट्टी पुरुषांवर बसवलेली होती, म्हणून हिशेब पुरुषांचा. भूदास बाई या मोजणीत जीव म्हणूनही धरली जात नव्हती.

काम मात्र तिच्यावाचून चालत नव्हते. शेतावरची वेठ बहुधा नवराबायकोच्या जोडीवर लावलेली असे. जोडी झाली की वेठीला आणखी एक घर मिळे. त्यामुळे भूदासाच्या मुलीने कधी आणि कोणाशी लग्न करायचे, हा मालकाच्या फायद्यातोट्याचा प्रश्न होई. मालक बाई असली तरी हा हिशेब बदलत नव्हता.

दार्या साल्तिकोवा ही मॉस्कोजवळची अशीच एक जहागीरदारीण. तरुणपणीच विधवा झालेली, सुमारे सहाशे भूदासांची मालकीण. फरशी नीट पुसली नाही, कपडे नीट धुतले नाहीत, एवढ्या कारणावरून ती कामाच्या बायकांना मरेस्तोवर मारी, नोकरांकडून मारवी. लोकांनी वारंवार तक्रारी केल्या. त्या लाच देऊन दाबल्या गेल्या आणि शिक्षा झाली ती तक्रारदारांनाच. अखेर १७६२ साली दोन भूदासांनी आपला अर्ज थेट कॅथरीनपर्यंत पोचवला. त्यातल्या एकाच्या तीन बायका या बाईच्या घरात एकामागून एक मेल्या होत्या. चौकशी सहा वर्षे चालली. १७६८ साली अडतीस खून शाबीत झाले. मेलेल्यांत बहुतेक बायका आणि मुली. साल्तिकोवाला मॉस्कोच्या चौकात तासभर उभे केले आणि मग जन्मभरासाठी मठात कोंडले. १८०१ साली ती तिथेच मेली.

न्याय झाला, असे वाटेल. पण हा खटला चालू असतानाच, १७६७ साली, कॅथरीनच्याच राजवटीत हुकूम निघाला की, भूदासांनी मालकाविरुद्ध तक्रार-अर्ज करायचाच नाही. केल्यास फटके आणि सैबेरियात सक्तमजुरी. एका क्रूर बाईला शिक्षा झाली. जिच्या आधाराने ती एवढी वर्षे मोकाट राहिली, ती व्यवस्था मात्र पक्की झाली. याच कॅथरीनने १७६४ साली सेंट पीटर्सबर्गला मुलींसाठी स्मोल्नी संस्था काढली. रशियातली मुलींची पहिली सरकारी शाळा. ती उमरावांच्या मुलींसाठी होती. पुढच्या वर्षी शहरी मध्यमवर्गाच्या मुलींसाठी निराळा विभाग निघाला. भूदासांच्या मुलींना कोणत्याच विभागात जागा नव्हती.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘बघा, बाईच बाईची वैरीण.’ हा निष्कर्ष आम्हाला साफ अमान्य आहे. साल्तिकोवाने जे केले ते पुरुष जहागीरदारही करत होते. तिला राक्षसीण ठरवणे सोपे होते, कारण मग जहागिरीबद्दल बोलावे लागत नव्हते. दोष बाईपणाचा नव्हता. माणसाला माणसाचा मालक बनवणाऱ्या हक्काचा होता. त्या हक्कात बाईला वाटा मिळाला म्हणून तो हक्क न्याय्य ठरत नाही.

१८६१ साली भूदासपद्धती गेली. कसायला जमीन वाटली गेली तीही पुरुष ‘जिवां’च्या हिशेबाने. आणि मालकाच्या घरात धुणीभांडी, स्वयंपाक, मुले सांभाळणे करणाऱ्या भूदासांना जमीन मिळालीच नाही. ज्या कामासाठी साल्तिकोवाच्या घरी बायका मेल्या, त्याच कामाची स्वातंत्र्याच्या दिवशीही किंमत शून्य.

आज युरोपच्या राजघराण्यांतही समानतेचे वारे आहे. स्वीडनने १९८० पासून आणि ब्रिटनने २०१३ च्या कायद्याने थोरल्या अपत्याला, मग ती मुलगी का असेना, गादीचा हक्क दिला. स्पेनने २००६ साली सरदारकीच्या किताबांत मुलींना बरोबरीचा वारसा दिला. मुलगी म्हणून डावलणे थांबले, हे चांगलेच. पण जन्माने मोठे ठरण्याची पद्धत तशीच आहे. तिच्यात बहीणभावांची वाटणी तेवढी समान झाली.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेऊन तो काढून घेतला जातो. त्याविरुद्धची लढाई आपण सोडणार नाही. पण जिच्या बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिला या कायद्याने काय दिले? घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. आपल्यापैकी किती जणींनी आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला मंडळात नाव नोंदवायला मदत केली?

तेव्हा समान वाट्याची मागणी करताना ‘कशातला वाटा?’ आणि ‘यादीत जिचे नावच नाही ती कोण?’ हे दोन प्रश्न आपण प्रत्येक ठरावाला विचारू या. सुरुवात आपल्याच बैठकीपासून करता येईल. आपण बैठकीला येतो तेव्हा आपल्या घरी चूल आणि मूल कोण सांभाळते? तिला हक्काची रजा आहे का? आणि ती आपल्याबरोबर बैठकीला का आलेली नाही?