विणकरांकडची कायमची ठेव

पतसंस्था आणि त्यांच्या सर्वसाधारण सभा हा या सदराचा नेहमीचा विषय. आज त्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊ.

तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि खर्चासाठी ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवली. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापणं द्यायची. हिशेब करून पाहा: महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस जणांचे बारा-बारा तेवढेच. इतका चोख ताळेबंद आमच्या सोसायटीत अजून कोणी मांडलेला नाही.

उषवदात स्वतःचं आणि सासऱ्याचं नाव कोरतो, दानधर्माची लांबलचक यादी देतो. पण ठेव सांभाळणाऱ्या श्रेणीच्या प्रमुखाचं नाव कुठेच नाही. त्याची त्याला गरजच वाटली नसावी. आजचे विणकर जातील, त्यांची मुलं मागावर बसतील, व्याज येत राहील, हे त्याने धरून चाललेलं आहे. शिवाय नुसत्या भरवशावर त्याने काम सोडलं नाही. सगळा व्यवहार नगराच्या निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवला, असं लेखच सांगतो. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी अशाच ठेवी कुंभार आणि तेल्यांच्या श्रेणींकडे ठेवल्या गेल्या.

आपण मात्र संस्थांचा इतिहास १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यापासून, फार तर १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून मोजतो. या कायद्यांनी निबंधक आणला, नोंदणीची शिस्त आणली. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण गावात पैसे कुठे ठेवलेत असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘साहेबांच्या पतसंस्थेत.’ पोटनियम कोणी वाचलेले नसतात. साहेब पडले की दुसऱ्या दिवशी शाखेपुढे रांग लागते.

तुमच्या पतसंस्थेच्या पासबुकावर अध्यक्षांचा फोटो असेल, तर येत्या सर्वसाधारण सभेत उठून विचारा, तो कोणत्या ठरावाने छापला.