केटला, केते, कोतो

परवा सुट्टीत वरणगावला गेलो होतो. माझे मामा तीस वर्षं ट्रक चालवतायत. सुरतेला भरायचं, कोलकात्याला उतरवायचं. रस्ता तोच, गावाला खेटून जाणारा जुना सहा नंबरचा नॅशनल हायवे. (आता तो ५३ झालाय आणि ओडिशात पारादीपकडे वळतो. मामांसाठी मात्र अजून सहाच!)

विचारलं, "मामा, सहा राज्यांत बोलता तरी कसे?"

"त्यात काय भो! सुरतेत केटला, रायपुरात कितना, ओडिशात केते, कोलकात्यात कोतो. आधी 'किती' शिकायचं, मग 'कुठं उतरवू', मग शिव्या. बाकीचं भूक लागली की आपोआप येतं."

मामांनी सातवीनंतर शाळा सोडली. आणि मी? इंजिनिअर. बंगळुरात सहा वर्षं झाली, कन्नडमधे फक्त "कन्नड गोत्तिल्ला" येतं. तरी घरात 'शिकलेला' मीच! तुम्ही म्हणाल, मामांचं ते कामचलाऊ असतं, त्याला भाषा येणं म्हणत नाहीत. बरं, मग माझं काय, बेकामाचं?

एप्रिल २०२५ मधे अमेरिकेत ट्रंपसाहेबांनी आदेश काढला. ट्रक ड्रायव्हरला इंग्रजी यायलाच हवं, हा तिथला जुनाच नियम आता कडक पाळायचा. २५ जूनपासून इंग्रजी न येणाऱ्याला तिथल्या तिथे गाडी चालवायला बंदी. आमच्या कँटीनमधे केवढी हळहळ! बिचारे स्पॅनिश बोलणारे ड्रायव्हर वगैरे. मीही त्यात होतो.

आता आपल्याकडे बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम ९. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला आठव्या अनुसूचीतली एक भाषा लिहिता-वाचता यायला हवी, आणि इंग्रजीही. 'किंवा' नाही, 'आणि'. कँटीनमधे हे एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सुरक्षेसाठीच आहे ना ते? मान्य. टँकरमधे ॲसिड असेल तर सोबतचा कागद ड्रायव्हरला वाचता आलाच पाहिजे. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. माझा प्रश्न एवढाच, की तो कागद इंग्रजीतच का? रात्री दोन वाजता मुक्ताईनगरजवळ टँकर उलटला तर तिथे कोण धावणार? ढाब्यावरचा पोरगा, शेताला पाणी द्यायला निघालेला माणूस, फार तर एखादा हवालदार. त्या सगळ्यांनाही नियम ९ लावणार का? ड्रायव्हर इंग्रजीत पास झाला म्हणून त्यांना काय कळणार? आणि तोच बेशुद्ध असेल तर?

२०१९ मधे सरकारनेच लायसन्ससाठीची आठवी पासची अट काढून टाकली. गाडी चालवणं आणि शाळा शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा पटलं. मग भाषेचं ओझं अजून ड्रायव्हरच्याच डोक्यावर का? कागद लिहिणाऱ्याने दोन ओळी मराठीत, गुजरातीत, ओडियात लिहिल्या तर त्याचं काय बिघडतं? साबण विकायचा असेल तर आपण दहा भाषांत जाहिराती करतो. जीव वाचवायची वेळ आली की मात्र फक्त इंग्रजी. हे असलं आपल्याला खटकतही नाही, कारण आपल्याला वाचता येतं.

सरकारला शिव्या घालून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मागच्या वर्षी आमच्या टीमने ट्रक ड्रायव्हरांसाठी ॲप केलं. अपघात झाल्यावर दाबायचं बटणसुद्धा इंग्रजीत. मराठी आणि हिंदी स्क्रीन 'पुढच्या रिलीजला' ढकलू, असा मेल गेला. तो मेल मीच लिहिला होता. पुढचा रिलीज अजून यायचाय.

मामांना ते ॲप दाखवलं. त्यांनी फोन उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. "चांगलं आहे भो. कोणासाठी आहे?"

सोमवारी तो मेल पुन्हा उघडतोय. तुमच्याही इनबॉक्समधे असा एखादा असेल. शोधा.