दार किती वेळ उघडं राहिलं?

लाल विंचू चावला की माणूस घामाने थबथबतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि वेळ हुकली तर फुफ्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध देऊन किती जीव वाचवले, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मी याच दुखण्याच्या मुळाशी बसून काम करते. पेशीच्या पटलात प्रथिनांची दारं असतात, त्यांना आम्ही आयन चॅनेल म्हणतो. मज्जातंतूतलं सोडियमचं दार उघडतं आणि एक-दोन मिलिसेकंदांत आपसूक मिटतं. विंचवाचं विष या दाराची मोडतोड करत नाही. ज्या भागाच्या हालचालीने दार मिटतं, तो भाग ते धरून ठेवतं. मिटायला उशीर होतो, बस्स. तेवढ्यात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो.

म्हणून ‘प्रथिनांचा प्रश्न आता सुटला’ असं कुणी म्हणालं की मी वैतागते. प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीच्या निर्मात्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते योग्यच. मीही ते वापरते. पण ते शिकलं आहे मुख्यतः स्फटिकातल्या आणि गोठवलेल्या प्रथिनांच्या रचनांवरून. दार कसं दिसतं ते कळतं. किती वेळ उघडं राहतं, ते कळत नाही.

चित्र फसवूही शकतं. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये पोटॅशियम चॅनेलची रचना उलगडली आणि २००३ मध्ये नोबेल मिळवलं. त्याच वर्षी त्यांनी विद्युतदाब ओळखणाऱ्या एका चॅनेलची रचना छापली, तेव्हा मात्र चॅनेलमधला प्रवाह मोजणाऱ्या जगभरच्या लोकांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या नोंदींशी ते चित्र जुळेना. स्फटिकात हलते भाग भलतीकडेच ओढले गेले होते. २००५ मध्ये मॅकिनन यांच्याच प्रयोगशाळेतून दुसऱ्या चॅनेलची रचना आली आणि बराचसा गुंता सुटला.

हे मोजमाप म्हणजे पॅच क्लँप. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये ते दाखवलं. काचेच्या नळीचं केसाहून कितीतरी बारीक टोक पेशीवर टेकवायचं, हलकेच ओढून घ्यायचं आणि ‘सील’ बसायची वाट बघायची. एका चॅनेलमधून जाणारा प्रवाह अँपिअरच्या लाख कोटीव्या भागांत मोजतात. टेबल हवेवर तरंगतं, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा. तरी कुणी दार आपटलं की दुपार गेली. सील बसली की पडद्यावर रेघ पायरीसारखी वर-खाली उडते. वर म्हणजे उघडं, खाली म्हणजे बंद. एकच रेणू, डोळ्यांदेखत.

माझ्याकडे येणारी हुशार मुलं विचारतात, “मॅडम, हे सगळं कॉम्प्युटरवर नाही का होणार?” होईलही एक दिवस. पण त्या कॉम्प्युटरला शिकवायला हालचालींच्या नोंदी लागतील आणि त्या कुणीतरी हातांनी घ्यायला हव्यात. नव्या संगणकांसाठी पैसे मागितले की समित्यांचे चेहरे उजळतात. पॅच क्लँपच्या मांडणीसाठी, म्हणजे रिगसाठी मागितले की “जुनंच तंत्र ना?” असं विचारतात. आपल्या विद्यापीठांनी प्रत्येक नव्या सर्व्हरबरोबर निदान एक रिग आणि ती चालवणारा एक माणूस पोसावा, एवढंच माझं मागणं आहे.

आपल्याच लाल विंचवाच्या विषात आयबेरिओटॉक्सिन नावाचं आणखी एक प्रथिन आहे. पोटॅशियमचा एक विशिष्ट चॅनेल ते नेमका बंद करतं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी ते वेगळं केलं, मोजलं. आज जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. आमच्या फ्रीजमध्येही एक छोटी कुपी आहे, आयात केलेली.